भिंतीची एकच बाजू

त्या चित्रपटात माझं काम वस्तू जागेवर ठेवण्याचं होतं. एखादा प्रसंग आज अर्धा चित्रित होतो, उरलेला अर्धा चार दिवसांनी, आणि पडद्यावर ते दोन्ही लागोपाठ दिसतात. म्हणून आज टेबलावर तांब्या कुठं होता, शर्टाचं कोणतं बटण उघडं होतं, कॅलेंडर किती वाकडं होतं, हे कुणीतरी टिपून ठेवावं लागतं. मोठ्या कंपन्यांमध्ये त्यासाठी फोटो काढत. आमच्याकडे फोटोंचे पैसे नव्हते, त्यामुळे मी होते. मी मुलुंडच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे आणि मे महिन्याची सुट्टी लागली होती.

दिग्दर्शक माझा कलाशाळेतला वर्गमित्र. एका जाहिरातीच्या ऑफिसात साबण आणि बिस्किटांची चित्रं काढायचा आणि चार वर्षं एकच गोष्ट डोक्यात घेऊन फिरायचा. गिरणी बंद पडलेला एक माणूस. बायको कंपनीत पॅकिंगला जाते, तो दिवसभर खोलीत बसून राहतो. आयुष्यभर पाळ्या केल्यामुळे त्यानं स्वतःची खोली दुपारच्या उजेडात कधी धड पाहिलेलीच नसते, ती तो पहिल्यांदा पाहतो. बस, एवढीच गोष्ट. ना मारामारी ना गाणं.

मला ती गोष्ट ऐकल्याबरोबर पटली, कारण तसा माणूस आमच्या घरात होता. संपानंतर माझ्या बाबांना गिरणीनं परत घेतलं नाही. आम्ही लालबाग सोडून मुलुंडला भाड्यानं राहायला आलो होतो आणि बाबा दिवसभर खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचे. तरुणपणी त्यांनी कामगारांच्या नाट्यस्पर्धांत कामं केली होती. एकदा अभिनयाचं बक्षीसही मिळालं होतं. पण ते सगळं मागच्या जन्मातलं वाटावं, असे ते झाले होते. विचारलं तर उत्तर द्यायचे, नाहीतर नाही. दिग्दर्शक एकदा घरी चहाला आला. बोलता बोलता तो बाबांकडेच बघत राहिला आणि निघताना जिन्यात मला म्हणाला की ह्यांच्याशिवाय दुसरा नट मी शोधणार नाही.

बाबा हो म्हणाले, ह्याचं मला अजून नवल वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःहून दाढी केली. मग दिग्दर्शकानं निरोप पाठवला की दाढी वाढू द्या, तेव्हा आरशात बघून ते हसले. दीड वर्षात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. हे मी मुद्दाम आधी सांगते आहे. पुढं मी जे केलं, किंवा केलं नाही, त्याचं कारण त्या हसण्यात आहे.

खोली मिळाली घाटकोपर पश्चिमेला, डोंगरावरच्या वस्तीत. पायऱ्या चढून चढून छाती भरून यायची. एका कुटुंबाच्या पाठीला पाठ लावून दोन खोल्या होत्या. पुढची मोठी, गल्लीकडे तोंड असलेली. मागची बुटकी, डोंगर थोडा खणून बांधलेली, तिचं दार बाजूच्या बोळात. मधे एकच भिंत. ते कुटुंब बीडकडचं. नवरा, बायको आणि आठेक वर्षांची मुलगी. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती, ती घरच्या बाईंनी, आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो, शूटिंगआधी उतरवली आणि कापडात गुंडाळून मागे नेली. त्यांचे यजमान विक्रोळीच्या एका कारखान्यात रात्रपाळीचे वॉचमन. सकाळी नऊला यायचे, जेवायचे आणि चारपर्यंत झोपायचे. एरवी ते पुढच्या खोलीत झोपायचे, तिथं वारा यायचा. आम्ही आल्यावर त्यांची लोखंडी खाट मागच्या खोलीत गेली, मधल्या भिंतीला लागून. बोळातून मीच ती खाट धरून आत सरकवली होती. एका बाजूनं ते, एका बाजूनं मी.

वहिनी मला बाई म्हणायच्या, मी शाळेत शिकवते हे कळल्यापासून. त्यांना आमच्या कामाचं कुतूहल होतं, पण मधे मधे यायच्या नाहीत. दाराशी उभ्या राहून बघायच्या आणि एकदा म्हणाल्या, की एवढी माणसं मिळून एका माणसाला नुसतं बसलेलं बघता, ह्यात काय आहे. दिग्दर्शकाला ते वाक्य फार आवडलं. ते त्यानं चित्रपटात घातलंसुद्धा.

आम्ही एकूण सात जण होतो. कॅमेरा उधारीचा, सोळा मिलिमीटरचा, चालू झाला की शिलाई मशीनसारखा आवाज करायचा, म्हणून संवाद नंतर स्टुडिओत भरायचे ठरलं होतं. फिल्म म्हणजे जाहिरातींच्या शूटिंगमधून उरलेले तुकडे, वेगवेगळ्या डब्यांत. लॅबमधली धुलाई सगळी एकदम शेवटी करायची, कारण थोडी थोडी द्यायला परवडत नव्हतं. म्हणजे आम्ही काय चित्रित केलं ते काम संपेपर्यंत कुणालाही दिसणार नव्हतं. जे काही दिसत होतं ते माझ्या वहीत.

दिवेही नव्हते. प्लायवूडच्या दोन फळ्यांवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी चिकटवून आम्ही ऊन खोलीत वळवायचो. पण पहिल्या दोन दिवसांत कॅमेरामन वैतागला. चेहरा दिसतो तर भिंत दिसत नाही, भिंत दिसते तर चेहरा नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं छपराचे दोन पत्रे काढायला सांगितले. ऊन थेट आत आलं आणि खोली एकदम उघडी पडली, पण मधल्या वाशाची सावली बाबांच्या कपाळावर आडवी पडत होती. वासा पुढच्या भिंतीपासून मधल्या भिंतीच्या माथ्यापर्यंत गेलेला होता.

दिग्दर्शकानं वर बघून विचारलं, हा काढता येईल का. वहिनींचे यजमान नुकतेच ड्युटीवरून आले होते, अंगात अजून खाकी शर्ट होता. ते म्हणाले, काढा की, पावसाच्या आत परत बसवू. ते स्वतःच स्टुलावर चढले, तार सोडली, आणि बाबांनी खालून टेकू दिला. वासा निघाला तेव्हा भिंतीच्या माथ्यावरून थोडी माती खाली सांडली. मी ती झाडून घेतली, कारण आधीच्या दृश्यात जमीन स्वच्छ होती. वहीत लिहिलं: पत्रे दोन काढले, वासा काढला.

त्या उजेडात बाबा खुर्चीत बसले आणि मी पहिल्यांदा त्यांना कॅमेऱ्यातून पाहिलं.  घरी खिडकीत बसणारा तोच माणूस, पण त्यात काहीतरी जागं होतं. कॅमेरामन हळूच म्हणाला, झकास. तो सहसा काही बोलायचा नाही.

मधल्या भिंतीत एक भेग होती. छताजवळून निघून तिरपी खाली येत कॅलेंडरच्या खिळ्यापाशी संपायची. पहिल्या दिवशी मी ती वहीत काढली, कारण ती ओळखायला सोपी होती. कॅलेंडर बरोबर जागी लागलंय की नाही हे भेगेवरून कळायचं. वासा काढल्यानंतर दोन दिवसांनी मी पुन्हा भिंत काढली, आणि ह्या वेळी भेग खिळ्याच्या खाली तीन बोटं गेलेली होती.

मला वाटलं, आधी काढताना माझंच चुकलं असेल. माझा हात चुकत नाही, तरी मी तसंच धरून चालले. संध्याकाळी निघताना, कुणाचं लक्ष नसताना, कागदाची एक पट्टी कापून खळीनं भेगेवर आडवी चिकटवली. माझे एक काका गवंडीकाम करायचे, त्यांनी तसं करताना लहानपणी पाहिलं होतं. भिंत हलत असेल तर कागद फाटतो.

डोंगराच्या पलीकडच्या अंगाला दगडाची खाण होती. रोज दुपारी एक वाजता आणि साडेपाचला तिथं सुरुंग लावायचे. त्याच्या आधी एक माणूस लाल फडकं घेऊन पत्र्याचा डबा वाजवत वरच्या वाटेनं फिरायचा. डबा ऐकू आला की आम्ही कॅमेरा थांबवायचो, कारण हादऱ्यानं स्टँड हलायचं. एकचा सुरुंग हीच आमची जेवणाची वेळ झाली होती. सगळे बाहेर गल्लीत सावलीला डबे उघडून बसायचे. मागच्या खोलीत वहिनींचे यजमान झोपलेले असायचे. वहिनी म्हणायच्या, त्यांना सवय आहे, सुरुंगानं त्यांची कूससुद्धा बदलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी शाबूत होती. दुपारी एकनंतर आत आले तर ती मधोमध फाटलेली होती. कात्रीनं कापावी इतकी सरळ. दोन टोकांमध्ये माझं नख जात होतं.

मी दिग्दर्शकाला बाजूला घेतलं. वही दाखवली, दोन्ही चित्रं शेजारी शेजारी. त्यानं रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, खुर्ची भिंतीपासून पुढे घेऊ. खुर्ची पुढे घेतली तर आधीची दृश्यं जुळणार नाहीत, हे मीच त्याला सांगितलं. लाज वाटते, पण माझ्या तोंडून पहिलं निघालं ते हे. तो म्हणाला, मग हळूहळू घेऊ, रोज वीतभर.

मग त्यानं पट्टी काढून टाकायला लावली, फ्रेममध्ये येत होती म्हणून. आणि म्हणाला, "घरच्यांना आत्ता नको सांगू. ते घाबरतील, आपल्याला बाहेर काढतील. आठ दिवस दे मला. नंतर आपणच गवंडी आणून भिंत नीट करून देऊ."

तो वाईट माणूस नव्हता. त्यानं बायकोचे दागिने मोडले होते. ऑफिसातून बिनपगारी रजा काढली होती आणि ती परत मिळणार नव्हती. कॅमेराही दुसऱ्यांदा कुणी दिला नसता. हे सगळं मला माहीत होतं आणि मी मान हलवली.

त्या दिवसापासून मी रोज भेग काढू लागले. आधी सकाळी, मग सकाळी आणि दुपारी. रबरानं खोडून नव्हे, त्याच चित्रावर वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीनं. काळी, मग निळी, मग लाल. माझ्या पिशवीत शाळेच्या खडूंच्या पेटीशेजारी ती वही असायची आणि मुलुंडला जाताना मी ती बाहेर काढायचे नाही. घरी आईला काही बोलले नाही. बाबा रात्री भरपूर जेवू लागले होते. आईला दिवसभराच्या गमती सांगायचे, कॅमेरामनची नक्कल करायचे. आई माझ्याकडे बघायची, जणू मीच हे घडवून आणलं होतं.

पट्टी फाटल्यापासून तिसऱ्या दिवशी मी बाबांना सांगितलं. घाटकोपर स्टेशनपासून चढताना, आम्ही दोघंच होतो. ते थांबले, घाम पुसला. मला वाटलं ते विचारतील, कुठली भेग. ते म्हणाले, "भेग वाढता, तां माका म्हायत आसा गो. मी तिच्याच बुडाक बसलेलो असतंय. चार दिवस कळ काढ."

आणि ते माझ्यापुढे चढू लागले. तीस वर्षं गिरणीत साच्यावर उभे राहिलेले त्यांचे गुडघे दुखायचे, तरी त्या दिवसांत ते माझ्यापेक्षा भरभर चढायचे.

 बाबा खुर्चीत बसले की मी भेगेकडे बघायचे, वहीकडे बघायचे, बाबांच्या डोक्यामागची माती बघायचे. दोनदा कॅलेंडर आपोआप वाकडं झालं. एकदा सुरुंगानंतर मिनिटभरानं भिंतीतून खरखर आवाज आला, मुंग्यांनी वाळू उकरावी तसा, आणि कॅमेरामननं माझ्याकडे पाहिलं. त्यालाही कळलेलं होतं. सगळ्यांनाच कळलेलं होतं, मला वाटतं. पत्नीचं काम करणारी मुलगी एरवी भिंतीला टेकून संवाद पाठ करायची, ती आता बाहेर पायरीवर बसायची. पण कुणी कुणाला काही विचारलं नाही. आम्ही कमी बोलू लागलो आणि काम भराभर होऊ लागलं. जी दृश्यं आधी चार चार वेळा घ्यावी लागत ती पहिल्यांदाच ठीक येत. दिग्दर्शक म्हणायचा, काहीतरी लागलंय आपल्याला, चांगलं काहीतरी घडतंय. आणि ते खरंही होतं.

पट्टी फाटल्यापासून सहाव्या दिवशी वहिनी मुलीची वेणी घालत दाराशी बसल्या होत्या. मुलगी माझ्या वहीतली चित्रं बघायला मागत होती. मी तिला तांब्याचं दाखवलं, खुर्चीचं दाखवलं. पुढचं पान तिनंच उलटलं. तीन रंगांच्या रेघा बघून ती म्हणाली, ही नदी आहे का.

मी वहिनींना सांगितलं. सगळं नाही. भेग वाढते आहे एवढंच, आणि मुलीला इथं झोपवू नका. किती दिवसांपासून वाढते आहे ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्या आत येऊन भिंतीसमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बाई, ही तर आमी आलो तवापासून हाय. दरसाल शिमीट भरतो." पण त्यांनी बोट घातलं तर ते पहिल्या पेरापर्यंत आत गेलं. बोट काढून त्या त्याकडे बघत राहिल्या.

चार वाजता यजमान उठले तेव्हा त्यांनी बोटाच्या पेरांनी भिंत ठोकून पाहिली, कान लावला. म्हणाले, रविवारी सुट्टी आहे, सिमेंट आणतो. भिंत कलली तर पुढच्या बाजूला कलेल, उताराकडे. मागे डोंगराचा आधार आहे. आम्हालाही ते बरोबर वाटलं. सगळं घाटकोपर उताराकडेच तर होतं. वहिनींनी त्याच संध्याकाळी मुलीला कांजूरमार्गला बहिणीकडे सोडलं. यजमान मागच्या खोलीतच झोपणार होते, तिकडं धोका नव्हता.

मी दहा-बारा दिवस ती भिंत काढत होते. खाट आत सरकवल्यानंतर एकदाही बोळातून वळून मागे गेले नाही. मागच्या अंगानं तिला पोट आलं होतं, हे नंतर शेजारच्यांनी सांगितलं. तिथं भिंतीच्या खिळ्याला कपड्यांची दोरी बांधलेली होती, ती सैल पडल्यामुळे वहिनींनी दोनदा ताणून बांधली होती. दोरी का सैल पडते हे त्यांनाही सुचलं नाही.

ती पडली दुसऱ्या दिवशी. डबा वाजला, आम्ही बाहेर आलो, डबे उघडले. बाबांनी मला लोणचं वाढलं. सुरुंगाचा आवाज नेहमीसारखाच झाला, जास्त मोठा नाही. सगळं शांत झालं. मग पोतं फुटून धान्य सांडावं तसा आवाज आला आणि खूप वेळ येत राहिला. आमच्या दारातून धूळ बाहेर आली, दुपारच्या उन्हात पिवळी. पत्रे वाजले आणि थांबले.

आम्ही आत पाहिलं. पुढच्या खोलीत काहीच झालं नव्हतं. खुर्ची होती, टेबल होतं, टेबलावरची बशीसुद्धा फुटली नव्हती. फक्त भिंत नव्हती आणि तिच्या जागी डोंगर दिसत होता, कापलेला, तांबडा. भिंत मागच्या बाजूला पडली होती.

पहिले आत धावले ते बाबा. ते दगड उपसू लागले तेव्हा त्यांचे हात किती जोरात चालतात ते मी पाहिलं. गल्लीतले लोक आले. वहिनी खाली पाण्याच्या नळावर होत्या; त्या वर आल्या तेव्हा खाटेचा एक पाय दिसू लागला होता. त्या ओरडल्या नाहीत. पदर खोचून दगड मागे द्यायला रांगेत उभ्या राहिल्या. दगड त्यांच्या हातातून माझ्या हातात येत होते, त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

लोखंडी खाटेनं यजमानांचा जीव वाचवला. ती वाकून त्यांच्या छातीवर कमान झाली होती. कमरेखाली मात्र सगळं दगडाखाली होतं. ते शुद्धीवर होते आणि सारखं विचारत होते, कारखान्यात कुणी कळवलं का, आज ड्युटी आहे. त्यांना उचलून न्यायला काही नव्हतं. कॅमेरामननं आमची चांदी लावलेली प्लायवूडची फळी आणली. तिच्यावर त्यांना आडवं करून सहा जण पायऱ्या उतरले. ऊन डोक्यावर होतं आणि फळीच्या रिकाम्या कडा इतक्या चमकत होत्या, की खालच्या वळणावरचे लोक डोळ्यांवर हात घेऊन वर बघत होते.

शेजारचा एक वयस्क गवंडी भिंतीच्या बुडाशी उभा राहून वर बघत होता. त्यानं विचारलं, "मधला वासा कुणी काढला?"

आम्ही चौघं तिथं होतो. दिग्दर्शक खाली बघत होता. मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात वहिनी, इस्पितळात जायला चप्पल शोधत होत्या, त्या म्हणाल्या, "आमच्याच माणसानं काढला."

पोलिसांनी पंचनाम्यात सुरुंगाच्या हादऱ्यानं भिंत पडली असं लिहिलं. आम्हाला कुणी फारसं विचारलं नाही. सुरुंगानं पडली, की वाशाविना पडली, की ती पडणारच होती, हे मला आजही सांगता येणार नाही. गवंडीही ठाम काही म्हणाला नाही. त्यानं फक्त तेवढा एकच प्रश्न विचारला होता.

चार दिवसांनी दिग्दर्शक मुलुंडला आमच्या घरी आला. त्याची दाढी वाढली होती, डोळे सुजलेले. इस्पितळाचा सगळा खर्च तो करत होता, उरलेल्या फिल्मचे दोन डबे विकून. एक डबा मात्र त्यानं ठेवला होता. त्यानं चहाला हात लावला नाही. बाबांना म्हणाला की चित्रपटाला शेवट नव्हता, शेवट काय करायचा हे मला कधीच सुचलं नव्हतं. आता त्या खोलीत तुम्ही फक्त एकदा उभे राहा. खुर्चीतून उठा, वळा, आणि भिंत होती तिकडे बघा.

मी म्हणाले, तुला लाज वाटत नाही का. तो म्हणाला, वाटते.

बाबांनी विचारलं, "तिका विचारलंस?"

त्यानं विचारलं होतं. वहिनी इस्पितळाच्या व्हरांड्यात बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, करा, निदान कशाला तरी येईल.

बाबा गेले. मीही गेले, पण वही नेली नाही. काही जुळवायचं उरलं नव्हतं. कुणी ॲक्शन म्हटलं नाही. कॅमेरा शिलाई मशीनसारखा सुरू झाला, बाबा खुर्चीतून उठले, वळले, आणि डोंगराकडे बघत उभे राहिले. त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं की ते अभिनय करत नाहीत. फिल्म संपून डब्यात फडफडायला लागली तरी ते वळले नाहीत.

पुढच्या वर्षी तो चित्रपट फिल्म सोसायट्यांतून दाखवला गेला. लोकांना आवडला. एका मासिकात त्याच्यावर दोन पानं आली होती आणि त्यात शेवटचं दृश्य म्हणजे धाडसी कल्पना आहे असं लिहिलं होतं. चित्रपट चांगला होता, हे मी खोटं नम्र होऊन नाकारणार नाही. मी तो बाबा-आईबरोबर बसून पाहिला. दृश्यं पुढंमागं लावलेली असल्यामुळे भिंतीवरची भेग एकदा लांब दिसते, लगेच आखूड, मग पुन्हा लांब. कुणाच्याही लक्षात येत नाही. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत होती. घरी येताना बाबा एवढंच म्हणाले, "बरो झालो पिक्चर. माका परत दाखव नको." त्यानंतर त्यांनी काम केलं नाही. दोन जणांनी विचारलं होतं. ते खिडकीपाशी बसत, पण खुर्ची भिंतीपासून लांब ओढून घेत, आणि आई ती रोज झाडताना परत जागेवर ठेवी.

दिग्दर्शकानं दुसरा चित्रपट केला नाही. पूर्वीच्या ऑफिसात परत गेला. आम्ही भेटतो, भिंतीबद्दल बोलत नाही.

चित्रपट पाहिल्याच्या दुसऱ्या रविवारी मी कांजूरमार्गला गेले. डोंगरावरची खोली सोडून ते कुटुंब वहिनींच्या बहिणीशेजारी राहायला आलं होतं. वाऱ्याबरोबर कचरा जाळल्याचा धूर येत होता आणि सगळ्यांची दारं अर्धी लोटलेली होती. यजमान आत पलंगावर होते. एक पाय मांडीपासून काढावा लागला होता, दुसरा होता पण त्यात जोर नव्हता. त्यांनी मला ओळखलं, शाळा कशी चालली आहे ते विचारलं. वहिनी आता एका कंपनीत पॅकिंगला जात होत्या, रविवार म्हणून घरी होत्या. मुलगी उंच झाली होती. तिनं मला काही दाखवायला मागितलं नाही.

वहिनी बाहेर ओट्यावर येऊन बसल्या. त्यांनी विचारलं, पिक्चर लागला का. मी हो म्हणाले. चांगला झाला का, त्यांनी विचारलं. मी तेही हो म्हणाले. मग मला जे बोलायचं होतं ते मी बोलले. पट्टी चिकटवली होती ते, ती फाटली ते, दिग्दर्शकाला, बाबांना सांगितलं आणि त्यांना सांगितलं नाही ते.

 माझं संपल्यावर वहिनी म्हणाल्या, "तुमी मला सांगितलं तवा माझ्याकडं एक दिवस व्हता. तुमच्याकडं किती व्हते?"

मी म्हणाले, "सहा."

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. सहा हा आकडा नीट ऐकून घेतला, एवढंच. मग आतून यजमानांनी हाक मारली म्हणून त्या उठून गेल्या. त्यांना कूस बदलून द्यायला दोघी लागत होत्या. मुलगी आधीच पलंगापाशी उभी होती. मी ओट्यावरून पाहत राहिले. वहिनी परत बाहेर आल्या तेव्हा मी तिथंच होते. त्यांनी मला बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. सूप घेऊन तांदूळ निवडायला बसल्या आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, अर्धे तांदूळ ताटात काढून ते ताट माझ्यापुढे सरकवलं.

मी खडे वेचू लागले.